बांधकाम आणि संगणक (भाग ४) : सॉफ्टवेअर निवडावं ते मोजमापावरून

निविदा ऑनलाइन कशी भरायची, ते मागच्या भागात पाहिलं. काम हाती आल्यावर प्रश्न येतो हिशेबाचा. शहागडचा एखादा गुत्तेदार एकाच वेळी अंबड तालुक्यात शाळाखोली बांधत असू शकतो, गोदावरीचा पूल ओलांडून बीड जिल्ह्यात नालीचं काम करत असू शकतो आणि गावातच कुणाच्या घराचा स्लॅबही टाकत असू शकतो. पैसे देणारे तिघे वेगळे, बिलाची रीतही वेगळी. अशा माणसाला विक्रेते सहसा खातेवहीचं सॉफ्टवेअर दाखवतात, नाहीतर मोठ्या कंपन्यांसाठी बनवलेलं वेळापत्रकाचं. माझ्या मते दोन्हीकडून सुरुवात चुकते. गुत्तेदाराला काम परवडलं की नाही, हे मुख्यतः खरेदीचं माप आणि बिलाचं माप यांतल्या फरकावर ठरतं. तो फरक कामनिहाय दाखवील तेच सॉफ्टवेअर त्याच्या उपयोगाचं.

सळईचंच पाहा. जालना जवळ असल्यानं माल सहज मिळतो, पण तो विकत घेतला जातो काट्यावरच्या वजनानं. बिलात मात्र सरकारी कामावर सहसा नकाशातली लांबी गुणिले प्रमाण वजन एवढंच चढतं. १२ मिलिमीटर सळईचं प्रमाण वजन मीटरला ०.८८८ किलो, आणि आयएस १७८६ या मानकानुसार त्यात ५ टक्के कमी-जास्त चालतं. समजा, माल ४ टक्के जड आला. १,००० मीटरला ८८८ किलोंचं बिल निघेल आणि पैसे सुमारे ९२३ किलोंचे मोजलेले असतील. पस्तीस किलो सळई कुणी चोरली नाही, वाया गेली नाही, तरी गुत्तेदाराच्या खिशातून गेली. वाळूचंही तसंच. ती येते ब्रासमध्ये, काँक्रीटचं बिल निघतं घनमीटरमध्ये. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, आणि ओली वाळू फुगते, म्हणून हिशेब आणखी निसटतो.

बिल मंजूर झालं तरी सगळी रक्कम हातात पडत नाही. प्राप्तिकराची कपात, अडीच लाखांवरच्या सरकारी कंत्राटात जीएसटीची २ टक्के कपात, बांधकाम कामगार कल्याणाचा १ टक्का उपकर आणि सुरक्षा ठेव. यांतली ठेव पुढे परत मिळते, करकपातीचं श्रेय मिळतं, उपकर मात्र गेलेला असतो. कोणत्या कामाचं काय अडकलंय हे वेगळं दिसलं नाही, तर मागायचं राहून जातं.

यावर कुणी म्हणेल, टॅली आहेच की. टॅली चांगलं आहे. त्यात कामनिहाय खर्च वेगळा ठेवता येतो, मालाला दोन एककंही देता येतात. पण लांबी-रुंदी-उंचीचा मोजमापाचा तक्ता तिथं तयार होत नाही, तो बाहेरूनच आणावा लागतो. दोन-तीन कामं असतील तर टॅलीच्या जोडीला एक्सेलचा नीट आखलेला तक्ता पुरतो, महागडं काही घेऊ नये. कामं वाढली, साइटवर माणसं वाढली, की एक्सेलच्या प्रती वेगवेगळ्या होतात आणि कोणती खरी ते कळेनासं होतं. तेव्हा वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : मुकादम हे भरणार कसं? हजेरी, उचल आणि आलेला माल एवढं मराठीत, मोबाइलवर, रेंज नसतानाही भरता येत नसेल, तर मुकादम ते भरणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. मग बाकी सोयी कितीही असोत, ते सॉफ्टवेअर नाकारावं.

पैसे भरण्याआधी विक्रेत्यानं आणलेला तयार नमुना पाहून समाधान मानू नका. तुमच्याच एका पूर्ण झालेल्या कामाची मोजमापं, काट्याच्या पावत्या आणि बिलं त्यात भरून घ्या, सळईचा फरक दिसतो का ते पाहा. सगळी माहिती एक्सेलमध्ये बाहेर काढता येते हे स्वतः करून पाहा, आणि मगच वर्षाची वर्गणी भरा.