खंडेनवमीची पूजा आणि ट्रॅक्टरची बॅटरी



खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर धुतो, हार घालतो, हळदकुंकू वाहतो. त्याच दिवशी बॅटरीकडेही एकवार पाहावे, अशी आमची विनंती आहे. मागील हंगामात आम्ही जे डोळ्यांनी पाहिले, ते पुन्हा पाहण्याची वेळ येऊ नये.

पहाटे तीनचा सुमार. यार्डात गाड्या नंबरला उभ्या होत्या. एका ट्रॅक्टरचा नंबर आला, पण तो चालू होईना. सेल्फ मारला की नुसते टक् टक्. ड्रायव्हर पोरगा म्हणाला, "साहेब, झोप येऊ नये म्हणून गाणी लावून बसलो होतो." इंजिन बंद, दिवे चालू आणि वर गाणी. बॅटरी उतरणारच! मागचे हॉर्न वाजवू लागले. शेजारच्या ट्रॅक्टरवरून वायर जोडली, तरी सेल्फ घेईना. तेव्हा त्याने खाली उभे राहून स्टार्टरला स्क्रू ड्रायव्हर टेकवला. ट्रॅक्टर गिअरमध्ये होता. इंजिन पेटले आणि दोन भरलेल्या ट्रेलरसह गाडी पुढे सरकली. मोठे चाक त्याच्या पायाजवळून वीतभर अंतराने गेले. एकाने वर चढून स्टॉपर ओढला म्हणून निभावले.

म्हणून पहिली गोष्ट ही की, खाली उभे राहून स्टार्टर कधीही जोडू नये. सीटवर बसून, गिअर न्यूट्रल करून, ब्रेक लावूनच सेल्फ मारावा.

बॅटरी एका रात्रीत बसली असे आपण म्हणतो, पण बहुधा ती पावसाळ्यातच अशक्त झालेली असते. हंगाम संपला की ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहतो. उभ्या बॅटरीतला चार्ज आपोआप कमी होत जातो. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली, तर प्लेटांवर शिशाचे सल्फेट घट्ट बसते आणि मग ती पूर्ण चार्ज घेत नाही. गाडी उभीच राहणार असेल, तर ऋण टर्मिनलची वायर काढून ठेवावी व महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करून घ्यावी.

हंगामापूर्वी एवढे करावे :

1. झाकणाच्या बॅटरीत पाणी प्लेटांच्या वर साधारण 10 मि.मी. असावे. कमी असल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी नको, त्यातील क्षार बॅटरी खातात. ॲसिड तर मुळीच घालू नये.

2. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी. सोडा बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. क्लॅम्प घट्ट करून वर व्हॅसलीन लावावे. बऱ्याच वेळा बॅटरी चांगली असते, क्लॅम्पच ढिला असतो.

3. गाडी काही तास उभी राहिल्यावर मीटर लावावा. 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, 12 म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना 14 च्या आसपास दिसावे. तसे न दिसल्यास फॅनबेल्ट व अल्टरनेटर तपासावा. नाहीतर नवी बॅटरीही तशीच बसेल.

वेळ आलीच, तर दुसऱ्या 12 व्होल्टच्या बॅटरीवरून चालू करता येते. दोन्ही गाड्या एकमेकींना लागू देऊ नयेत. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला, मग चांगल्या बॅटरीच्या धनला जोडावी. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या ऋणला जोडावी व तिचे दुसरे टोक बंद ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब लावावे. शेवटची ठिणगी तिथे पडते, म्हणून लांब. सेल्फ एका वेळी 10 सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. चालू झाल्यावर वायरी उलट क्रमाने काढाव्यात. नंतर बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी. काट्यापासून गावापर्यंतच्या फेरीत ती भरत नाही.

बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. बिडी पेटवणे किंवा काडी ओढून आतले पाणी पाहणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. अंधारात टॉर्च वापरावा. ॲसिड डोळ्यांत उडाल्यास स्वच्छ पाण्याने निदान 20 मिनिटे धुऊन ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.

तोडलेला ऊस 24 तासांच्या आत गाळला जावा, असे आम्ही नेहमी सांगतो. वाटेत गाडी अडली की वजन घटते, आणि बॅटरी बसलेल्या गाडीला मागचा दिवाही नसतो. रस्त्यावर अंधारात उभा ट्रेलर दुचाकीवाल्याला दिसत नाही. म्हणून रिफ्लेक्टर सर्व ट्रेलरना लावलेच पाहिजेत.

गाणी जरूर ऐका, पण इंजिन बंद केल्यावर तीही बंद करा. ड्रायव्हरला हे मालकानेच सांगावे. ट्रॅक्टर आपला, ऊस आपला, आणि तो पोरगाही कुणाच्या तरी घरचा आहे.

— ऊस विकास अधिकारी