पापडी, बटाटा आणि मुठिया

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी पोहोचतो, त्याच सुमाराला गोडादऱ्याच्या भाजीवाल्यांकडे सुरती पापडी येऊ लागते. सुरुवातीची पापडी महाग असते आणि तिच्यात दाणा भरलेला नसतो. थंडी पडली की ती खरी चवीला येते. मग तिच्या शेजारी छोटे बटाटे, काळी गोल वांगी, जांभळा कंद, रताळी, तुरीच्या शेंगा आणि पातीसकटचा हिरवा लसूण असा सगळा संसार मांडला जातो. हे सगळं ज्या एका पातेल्यात जातं, त्याचं नाव उंधियू.

सुरतच्या पूर्वेला लिंबायत, डिंडोली, पर्वत पाटिया यांच्या शेजारी गोडादरा आहे. इथल्या गल्ल्यांतून फिरलं तर मराठी आणि अहिराणी पदोपदी कानावर पडते. ताप्ती व्हॅली रेल्वेने १९०० च्या सुमाराला सुरत आणि खान्देश जोडले आणि नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही गावं सुरतेच्या हाकेच्या अंतरावर आली. पुढे यंत्रमाग, डाइंग मिल आणि रिंग रोडचे कापडबाजार वाढत गेले, तशी खान्देशातली माणसं इथे येत राहिली. कारखान्यात बारा तासांची पाळी असते. घरी बायका साड्यांना खडे-टिकल्या लावायचं, धागे कापायचं काम करतात. अशा घरात निवडणं-चिरणं चार जणींनी गप्पा मारत बसून उरकता येतं, पण चुलीपाशी तासभर उभं राहणं परवडत नाही. उंधियूचं गणित इथे जमतं. पातेलं एकदा रचून झाकण ठेवलं की त्याचं ते शिजतं.

एका भांड्यात पोटभरीचं जेवण करायची पद्धत जगात सगळीकडे आहे आणि त्यात बटाट्याची जोडी बहुधा ठरलेली असते. डब्लिनमध्ये ‘कॉडल’ करतात. त्यात सॉसेज, खारवलेलं डुकराचं मांस, कांदा आणि बटाटे मंद आचेवर एकत्र शिजतात. आपल्या गोव्यात चोरीस आणि बटाटा आहेच. मिरची, लसूण आणि माडाच्या व्हिनेगरात मुरवलेलं डुकराचं मांस आतड्यात भरून वाळवतात. ते चोरीस सोलून कांदा-बटाट्याबरोबर थोड्या पाण्यात शिजवायचं. तेलाचा थेंबही लागत नाही, कारण चरबी वितळून तिचा लाल मसाला बटाट्यात उतरतो. दोन्हीकडे हिशेब एकच आहे. बटाट्याला स्वतःची चव बेताची, पण दुसऱ्याची चव धरून ठेवायची ताकद मोठी. म्हणून त्याच्या सोबतीला घट्ट वळलेलं, मसालेदार, स्निग्ध असं काहीतरी लागतं. सुरतच्या शाकाहारी पातेल्यात ते काम मेथीचा मुठिया करतो. मुठिया बिघडला तर बाकी भाज्या कितीही ताज्या असोत, उंधियू फिका लागतो.

म्हणून सुरुवात मुठियापासून करावी. दोन वाट्या बारीक चिरलेल्या मेथीला मीठ चोळून पाच मिनिटं ठेवा, तिला पाणी सुटतं. त्या पाण्यातच एक वाटी बेसन, अर्धी वाटी जाडसर गव्हाचं पीठ, आलं-हिरवी मिरची, तीळ, ओवा, हळद, थोडी साखर आणि तीन चमचे तेलाचं मोहन घालून मळा. वरून पाणी शक्यतो घालूच नये. पीठ सैल झालं की मुठिया रश्शात विरघळतो. मुठीत दाबून बोटभर लांबीचे मुटके वळायचे आणि मध्यम आचेवर तळायचे. तेल फार तापलेलं असेल तर बाहेरून करपतात आणि आत पीठ कच्चं राहतं. तळलेला मुठिया मोडून बघा. आत हिरवा, मऊ आणि कोरडा दिसला पाहिजे.

बटाटे सुपारीपेक्षा थोडे मोठे, एकसारखे निवडावेत. गुजरातचा बराचसा बटाटा बनासकांठ्यातल्या डीसा भागातून येतो. बनास नदीकाठच्या वाळूसर जमिनीत तो हिवाळ्यात वाढतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. उंधियूचा हंगाम त्याआधीचा, त्यामुळे आपल्या हाती पुष्कळदा शीतगृहातला बटाटा पडतो. फार थंडीत राहिलेल्या बटाट्यातल्या पिठूळपणाची थोडी साखर होते. म्हणून तो तळताना लवकर काळसर पडतो आणि चवीला गोडूस लागतो. असा बटाटा असेल तर मसाल्यातली साखर कमी करा. बटाट्याला आणि वांग्याला देठापर्यंत न जाणारी उभी-आडवी चीर द्यायची आणि आत वाटण दाबून भरायचं. एका ओल्या नारळाचा चव, जुडीभर कोथिंबीर, मूठभर हिरवा लसूण, आलं-मिरची, तीळ, धणे-जिरे पूड, मीठ आणि थोडी साखर एवढं वाटण पाच-सहा माणसांना पुरतं.

आता रचना. जाड बुडाच्या पातेल्यात वाटीभर शेंगदाण्याचं तेल तापवून ओवा आणि हिंग घाला. त्यावर अर्धा किलो पापडी, तुरीचे दाणे आणि चिमूटभर सोडा. सोड्याने पापडीचा हिरवा रंग टिकतो आणि ती लवकर मऊ होते. चिमटीपेक्षा जास्त झाला तर मात्र तिचा लगदा होतो. पापडीवर बटाटे आणि कंद, त्यावर रताळी, मग वांगी. जे उशिरा शिजतं ते आचेजवळ, जे लवकर शिजतं ते वर. अर्धी वाटी पाणी कडेने सोडायचं, वर ताट ठेवून त्यात पाणी ओतायचं आणि आच मंद करायची. ताटातलं पाणी गार असल्यामुळे आतली वाफ थेंब होऊन परत भाजीवर पडते. त्यामुळे पातेल्यात पाणी वाढवावं लागत नाही आणि वाटणाची चव पातळ होत नाही. वीसेक मिनिटांनी मुठिया आणि सालासकट तुकडे केलेली पिकली केळी वर ठेवावीत, पुन्हा दहा मिनिटं वाफ. दोन मुठिया मुद्दाम कुस्करून घातले की अंगापुरता दाटपणा येतो.

यात डाव घालायचा नाही. पातेल्याचे दोन्ही कान फडक्याने धरून ते झटकायचं, म्हणजे खालचं वर येतं आणि भरलेले बटाटे मोडत नाहीत. आमच्या शेजारच्या सुरती बेन हे इतक्या सहज करतात की कढत तेलाचा एक थेंबही काठावर येत नाही. बटाटा शिजल्याची खूण सुरीने बघावी. लिंबू पिळायचं ते पानातच, कारण आंबटपणात बटाटा चिवट राहतो.

हे पातेलं मूळचं शेतातलं. वलसाड-नवसारीकडे आजही हिवाळ्यात महामार्गाच्या कडेला उंबाडियू मिळतं. मडक्यात कलार आणि कंबोईचा पाला, पापडी, बटाटे, कंद भरून मडकं पालथं घालतात आणि भोवती आग पेटवतात. आत पाणी नाही, तेलही नाही. रायगडातली पोपटी याच कुळातली. तिथे भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे आणि हवं त्यांच्यासाठी अंडी-कोंबडी. शहरातल्या उंधियूत तेल आलं, नारळ आला, तळलेला मुठिया आला. बटाटा, रताळं, मिरची आणि शेंगदाणा ही चारही अमेरिकेतून समुद्रमार्गे आलेली मंडळी. वांगं आणि कंद मात्र आशियातलेच. जुन्या बंदराच्या या गावात त्यांचं इतकं घट्ट जमावं, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

खान्देशी घरात हे पातेलं आलं की पहिली तक्रार गोडाची होते. माझ्या सासूबाई म्हणायच्या, “भाजीमा साखर कसाले टाकस?” त्यांचं बरोबर होतं. जिथे हिवाळ्यात वांग्याचं भरीत लसूण-मिरचीच्या ठेच्यावर झणझणीत होतं, तिथल्या जिभेला सुरती गोडवा एकदम मानवत नाही. जळगावच्या त्या भरीताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आमच्याकडे साखर निघाली, हिरवी मिरची दुप्पट झाली आणि मुठियाच्या जागी कधीकधी फुनके आले. भिजवलेली तुरीची डाळ लसूण-मिरचीबरोबर जाडसर वाटून, मुठीने वळून वाफवलेले फुनके खान्देशात कढीबरोबर खातात. ज्या हाताला फुनके वळायची सवय आहे, त्याला मुठिया शिकवावा लागत नाही. फुनके तळलेले नसल्यामुळे तेल कमी लागतं आणि डाळीमुळे जेवणाला जोर येतो. बारा तास उभं राहून काम करणाऱ्या माणसाला तो हवाच असतो. फक्त ते नाजूक असतात, म्हणून अगदी शेवटच्या पाच मिनिटांत वर ठेवायचे आणि त्यानंतर पातेलं झटकायचं नाही.

सुरती लोक याच्याबरोबर पुरी आणि जिलबी घेतात. उत्तरायणाला, म्हणजे १४ जानेवारीला, पतंग उडवता उडवता गच्चीवरच पंगत बसते. आम्ही कळण्याची भाकरी आणि कच्चा कांदा घेतो. रात्रीचा उरलेला उंधियू सकाळच्या पाळीच्या डब्याला उत्तम. गरम करताना पाण्याचा नुसता हबका मारून झाकण ठेवावं, तेल पुन्हा घालू नये. आदल्या दिवशी भाज्यांवर तरंगणारं तेल रात्रीतून मुठियाने आणि बटाट्याने पिऊन टाकलेलं असतं, त्यामुळे डब्याच्या झाकणातून गळतही नाही.