केरव्याच्या मोकळ्या मात्रा

अळणावरला माझा भाचा ग्रूव्हबॉक्सवर गाणी बांधतो. संगणक नाही, एलेक्ट्रॉन या स्वीडिश कंपनीचं २०१७ साली आलेलं डिजिटॅक्ट, हेडफोन आणि दोन लहान स्पीकर, एवढाच संसार. यंत्रात ऑडिओचे आठ ट्रॅक, सॅम्पल सगळे मोनो. गणपतीसाठी त्यानं केरव्याचा ठेका, त्याच्या जोडीला किक आणि सिंथचा बेस असं जमवलं होतं. एकेक वेगळं ऐकलं तर झकास. तिन्ही एकदम सुरू केले की गढूळ.

"मामा, खालनं सगळं चिकटतंय की ओ."

पहिला संशय मला खोलीचा आला. दहा बाय दहाची खोली, म्हणजे भिंतींमधलं अंतर साधारण तीन मीटर पाच सेंटिमीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरून त्याला या अंतराच्या दुपटीनं भागलं की येतात ५६ हर्ट्झ. त्या आसपासचा सूर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून घुमत राहतो, आणि खोली चौरस असल्यानं लांबीतही तोच, रुंदीतही तोच. याचा सिंथ बरोबर ५५ हर्ट्झचा सूर धरून बसलेला. कोपऱ्यात उभं राहिलं तर छाती दणाणायची, खोलीच्या मधोमध आलं की बेस जवळजवळ गायब. खोलीचं दुखणं यंत्रावर काढलं तर मिक्स बिघडणारच, म्हणून टेबल कोपऱ्यातून हलवलं आणि खालच्या आवाजाचे निर्णय हेडफोनवर घ्यायचे ठरलं.

मग सॅम्पल तपासले. मंडळाच्या डग्ग्याचे, भर पावसाळ्यात घेतलेले. ओल्या हवेत पुडी उतरते, सूर खाली येतो, घुमारा सैल आणि लांबट होतो. त्यात अळणावर पडलं जंक्शन. मुरगाव बंदराहून तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्याकडे जाणाऱ्या कोळशाच्या मालगाड्या याच मार्गानं जातात. त्यांची घरघर माईकमध्ये न बोलावता येते. एका सॅम्पलमागं ती ऐकूही येत नाही, आठ ट्रॅक मिळून मात्र चांगला गाळ साचतो. डग्गा थोडा वर चढवला. टाळ, हार्मोनियम, चाटीचे बोल यांना ज्याची गरज नाही तो खालचा भाग हाय-पास फिल्टरनं कापला. पडद्यावर हर्ट्झ दिसत नाहीत, ० ते १२७ असे नुसते आकडे फिरतात. एका परीनं बरंच आहे ते, कारण आलेख बघून कापायची सवय लागत नाही. आवाज पातळ वाटेपर्यंत बटण फिरवायचं, मग थोडं मागं यायचं. रिव्हर्बलाही स्वतःचा हाय-पास आहे, तो वर घेतल्याबरोबर निम्मा धूर गेला.

उरलेला जाईना. अशा वेळी बहुतेक जण २०० ते ४०० हर्ट्झचा पट्टा छाटायला सांगतात. छाटून पाहिला, डग्गा पत्र्याच्या डब्यासारखा वाजू लागला, आणि किकशी त्याची मारामारी होती तशीच राहिली. ती राहणारच. डग्गा एका सुरावर थांबत नाही. मनगटाचा दाब वाढला की सूर वर सरकतो, सुटला की खाली येतो. सरकत्या सुराला एका जागी खाच पाडून काय होणार?

उपाय ठेक्यातच होता. धा गे ना ती, ना के धी ना. म्हणून बघा: डग्गा मोकळा गुंजतो तो पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेला. 'के'ला पंजा सपाट पडतो, आवाज जागीच बंद. म्हणजे तिसरी ते सहावी मात्रा खालच्या बाजूला रिकामी, आणि पाचवीवर तर केरव्याची खालीच. भाच्याची किक मात्र एक, तीन, पाच, सात अशी मात्रा मोजत ठोकत होती, आणि बेस आठही मात्रा पसरलेला. सोळा पायऱ्यांच्या पॅटर्नमध्ये एक मात्रा म्हणजे दोन पायऱ्या. बेस उचलून पाचव्या आणि नवव्या पायरीवर ठेवला आणि बाराव्या पायरीअखेर बंद केला. सातव्या मात्रेची किक काढली. समेवरची ठेवली, कारण समेला वजन हवंच. पण तिचा डिके इतका आखूड केला की नुसती थाप लागावी आणि मागचा घुमार डग्ग्याचा असावा. आवाज न वाढवता सगळं मोठं वाटू लागलं. धारवाडच्या बैठका ऐकलेल्या कुणालाही हे नवीन वाटायचं नाही, आमच्या पोराला मात्र लय भारी वाटलं.

एक अडचण उरली होती. मंडळाकडे एका बाजूला मोठे बॉक्स, तर गल्लीच्या टोकाला भोंगे. भोंग्यातून तीनशे हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेर येत नाही. ५५ चा बेस तिथं पोचतच नाही. म्हणून बेसच्या ट्रॅकवर थोडा ओव्हरड्राइव्ह दिला. त्यानं ११०, १६५, २२०, २७५, ३३० असे वरचे स्वरांश उमटतात, आणि वरचे तेवढे ऐकू आले तरी मूळ सूर कान आपला आपण भरून घेतो. मोबाईलच्या स्पीकरवर बेसची चाल कळली, म्हणजे भोंग्यावरही कळणार.

मोठ्या बॉक्सचा साउंडवाला बेसची खुंटी आधीच शेवटपर्यंत पिळून बसलेला असतो, हे भाच्याला अनुभवानं ठाऊक आहे. त्याच्या हिशेबानं किक आणखी थोडी उतरवूनच त्यानं फाईल दिली.