बाळाच्या पोटातली भावंडं

जानेवारी २०२५च्या अखेरीस बुलढाण्याच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात डॉ. प्रसाद अग्रवाल एका गर्भवतीची सोनोग्राफी करत होते. दिवस भरत आले होते, बाळाची वाढही चांगली होती. पण बाळाच्या पोटात हाडांसारखं काही दिसलं, म्हणून त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलं. आत अर्धवट वाढलेला गर्भ होता. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मुलगा जन्मला. त्याला अमरावतीला नेलं आणि अवघ्या तीन दिवसांच्या त्या जिवाच्या पोटातून शल्यचिकित्सकांनी एक नव्हे, दोन गर्भ काढले.

याला ‘फीटस इन फीटू’ म्हणतात. साधारण पाच लाख जन्मांत एखादं असं बाळ. सर्वमान्य समजूत अशी : एकाच फलित बीजापासून, एकाच वारेवर जुळे गर्भ रुजतात आणि अगदी सुरुवातीलाच एक दुसऱ्याच्या शरीरात वेढला जातो, बहुधा पोटात आतड्यांच्या मागे. त्याला रक्त मिळतं ते बाळाकडूनच. हातपाय फुटतात, पाठीचा कणाही दिसतो, पण मेंदू आणि हृदय धड घडत नाहीत. तो जगू शकत नाही. काही तज्ज्ञ मात्र याला टेराटोमा या गाठीचंच पुढारलेलं रूप मानतात. कणा दिसला की पारडं जुळ्याकडे झुकतं.

म्हणजे बाळ ‘गरोदर’ नसतं. आणि आईचा दोष तर तिळमात्र नाही. मेहकर असो की मोताळा, आपल्याकडे असं काही घडलं की ग्रहणात बाहेर पडली का, काय खाल्लं, अशी विचारणा बाळंतिणीलाच होते. ती थांबलीच पाहिजे.

वेळेवर कळणं किती मोलाचं, हे नागपूरच्या एका शेतकऱ्यावरून समजतं. पोट फुगून श्वास लागू लागला तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. १९९९ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात गाठ समजून पोट उघडलं, तर आत हाडं, केस आणि हातपाय निघाले. बुलढाण्याच्या बाळाचं निदान जन्माआधीच झालं, तेही सरकारी दवाखान्यात. याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

शस्त्रक्रियेनंतरही काम संपत नाही. क्वचित त्या जागी पुन्हा गाठ, कधी कर्करोगाचीही, होऊ शकते. त्यामुळे अशा बाळाची सोनोग्राफी आणि रक्तातल्या अल्फा-फीटोप्रोटीनची तपासणी डॉक्टर सांगतील तितका काळ करावी लागते. मूल हसतंखेळतं दिसलं तरी त्या तारखा चुकवायच्या नाहीत.