घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी घेताना

12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि ठाण्याच्या बऱ्याच भागाची वीज एकदम गेली. बिघाड झाला होता महापारेषणच्या कळवा-पडघा 400 केव्ही यंत्रणेत, म्हणजे आपल्याच दाराशी. कोरोनाचे दिवस, मुलांचे वर्ग मोबाइलवर. इन्व्हर्टर ही चैन नाही, हे त्या दिवशी अनेकांना पटले. एरवीही मुंब्रा-कौसा आणि भिवंडीत टोरंट असो की कल्याण-डोंबिवलीत महावितरण, उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मर आणि पावसाळ्यात केबल कधी दगा देईल याचा नेम नाही. सहरीच्या वेळी अंधार झाला, किंवा घरात दम्याचा रुग्ण नेब्युलायझरवर असला, की मग घरभर धावपळ.

इन्व्हर्टरचा डबा पुष्कळ वर्षे चालतो. खर्चात पाडते ती बॅटरी. तीच दोन वर्षांत बसली, की लोक कंपनीला दोष देतात. पुष्कळदा बॅटरी मुळातच चुकीची निवडलेली असते.

पहिली गोष्ट, गाडीची बॅटरी घरात लावू नये. "स्वस्तात पडेल, चालते की," असे सांगणारे भेटतात. गाडीच्या बॅटरीत शिशाच्या पातळ प्लेटा दाटीने बसवलेल्या असतात. इंजिन चालू करायला काही सेकंद जोराचा करंट द्यायचा, एवढेच तिचे काम. घरच्या बॅटरीला तासन् तास हळूहळू वीज द्यायची असते. तिथे पातळ प्लेटा लवकर झिजतात. म्हणून घरासाठी ट्युब्युलर बॅटरी घ्यावी. तिच्यात धन प्लेटचा मसाला कापडी नळ्यांत बंद असतो, त्यामुळे तो सहज गळून पडत नाही. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्या फिरत्या घरांतले दिवे-पंखे चालवायलाही याच जातीची, हळूहळू वीज देणारी बॅटरी लागते.

आता किती मोठी घ्यायची? दुकानदार आधी "दीडशे की दोनशे?" असे विचारतो. तो प्रश्न शेवटी यायला हवा. आधी घरातला भार मोजा. साधा छताचा पंखा सुमारे 75 वॅट खातो. तीन पंखे 225, चार एलईडी दिवे 36, वायफाय 10. झाले 271 वॅट. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॅट-तास. पण शिशाची बॅटरी दर वेळी पूर्ण रिकामी केली, तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. अर्धीच वापरायची असे धरा: 900. त्यातून इन्व्हर्टरमधली गळती वजा केली, की उरले साधारण 720. म्हणजे जेमतेम अडीच तास. दहावीचे मूल हे गणित करून देईल. करून घ्याच.

त्याच घरात पंखे बीएलडीसी असले, तर एक पंखा सुमारे 30 वॅट घेतो. भार 136 वर येतो आणि तीच बॅटरी पाच तासांवर जाते. म्हणून माझे मत असे, की दोनशेची बॅटरी घेण्याआधी तोच पैसा पंख्यांत घालावा. विजेचे बिलही कमी होते. गरज नसताना मोठी वस्तू घरात आणणे हा इसराफच.

दुकानात गेल्यावर बॅटरीवरची बनावटीची तारीख बघा. दुकानात महिनोन् महिने पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरते आणि तिच्या प्लेटांवर कठीण थर बसतो. मग वजन विचारा. 150 ची उंच ट्युब्युलर ॲसिडसकट पन्नास किलोंच्या वर भरते. बरीच हलकी लागली, तर आत शिसे कमी आहे असे समजा. मापात कमी देणाऱ्यांबद्दल कुरआनात सूरह अल-मुतफ्फिफीन आहे. पण आपणही डोळे उघडे ठेवलेले बरे. वॉरंटी "36 अधिक 24" लिहिलेली असेल, तर बहुधा पहिल्या 36 महिन्यांतच फुकट बदलून मिळते, पुढे फक्त किमतीत सवलत. कार्डावर तारीख आणि शिक्का घ्या. "शून्य टक्के हप्ता" असला तरी फी धरून एकूण किती भरायचे ते आधी लिहून घ्या, म्हणजे व्याज टाळणाऱ्या घराला नंतर पस्तावावे लागणार नाही.

लिथियमचे काय? घरासाठी लिथियम आयर्न फॉस्फेट हा प्रकार चांगला. पाणी घालावे लागत नाही, वजन कमी, आणि ती शिशापेक्षा कितीतरी जास्त वेळा चार्ज होते. रोज वीज जात असेल आणि घर लहान असेल, तर जास्त पैसे देणे परवडते. महिन्यातून एकदाच वीज जाणाऱ्या घराला ट्युब्युलर पुरे. मात्र जुन्या इन्व्हर्टरमध्ये लिथियमची सोय नसेल, तर ती त्याला जोडू नका.

जागेचा विचार आपल्या घरांत सर्वांत कमी होतो. बॅटरी बहुधा चपलांच्या कपाटाशेजारी किंवा पलंगाखाली कोंडलेली असते. उष्णता तिचा शत्रू. ढोबळमानाने 25 अंशांवर दर दहा अंश वाढले, की आयुष्य निम्मे होते. चार्ज होताना शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले, की तो पेट घेऊ शकतो. म्हणून जुमेरातच्या लोबान-अगरबत्तीची जागा तिच्यापासून दूर हवी. खिडकीजवळ, सावलीत, मुलांचा हात पोहोचणार नाही अशी ठेवा. तळमजल्यावर, खाडीकाठी किंवा उल्हास नदीलगत राहत असाल, तर बॅटरी आणि इन्व्हर्टर दोन्ही उंच, भक्कम ओट्यावर ठेवा. 26 जुलै 2005 चा पूर कल्याणकर विसरलेले नाहीत.

दीड-दोन महिन्यांनी पाण्याची खूण बघा. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला; नळाचे नको आणि ॲसिड तर कधीच नको. ॲसिड डोळ्यात उडाले, तर भरपूर साध्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

जुनी बॅटरी दुकानातच परत द्या. तिच्या शिशाला भाव आहे आणि तो नव्या बिलातून वजा करून मिळतो. गल्लीतल्या भंगारवाल्याने पन्नास-शंभर रुपये जास्त देऊ केले, तरी त्याला देऊ नका. अशा बॅटऱ्या कुठेतरी उघड्यावर फोडून वितळवल्या जातात आणि ते शिसे धुरामातीतून आसपासच्या लहान मुलांच्या मेंदूपर्यंत पोहोचते. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. दुकानदार "आम्ही घेत नाही" म्हणाला, तर त्याला हे सांगा.