तापलेले इंजिन आणि थंड डोक्याचा हिशेब

मे महिन्यातील दुपार. नारळ आणि सुपारीची पोती भरून एखादी मालवाहू व्हॅन चिपळूणहून कऱ्हाडकडे निघालेली असते. कुंभार्ली घाटाच्या चढणीवर तापमानाचा काटा लाल रेषेला भिडतो. उशीर झाला तर बोलणी बसतील, या धास्तीने चालक आणखी चार वळणे गाडी रेटतो आणि इंजिन बंद पडते. दुसऱ्या दिवशी गॅरेजमधून पेढीवर फोन येतो, "शेठ, इंजिन गेलं. काम करायचं की दुसरं बसवायचं?"

या प्रश्नाला तत्काळ उत्तर देणे हीच पहिली चूक ठरते. 'इंजिन गेले' या दोन शब्दांत अनेक निरनिराळे आजार दडलेले असतात.

पुष्कळ इंजिनांचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा असतो. उष्णतेने अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. इंजिन अतिशय तापले की हेड वाकते, मधले गॅस्केट फुटते आणि पाणी तेलात मिसळते. तेल दुधाळ चहासारखे दिसणे, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहणे, रेडिएटरमध्ये बुडबुडे उठणे ही त्याची लक्षणे होत. मात्र खरे निदान प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजल्यावर आणि हेड उतरवून त्यावर सरळ पट्टी ठेवून पाहिल्यावरच होते. एक दशांश मिलिमीटरचा वाकही अनेक इंजिनांना चालत नाही.

केवळ गॅस्केट गेले असेल आणि हेड फेसिंग करून सरळ होण्याजोगे असेल, तर दुरुस्ती निःसंशय श्रेयस्कर. हेडला तडा गेला असून ब्लॉक शाबूत असेल, तर हेड बदलून भागते. परंतु पिस्टन धरून सिलिंडरवर ओरखडे उठले असतील, बेअरिंग झिजली असतील किंवा ब्लॉकच तडकला असेल, तर दुसऱ्या इंजिनाचा विचार अपरिहार्य होतो.

येथे व्यापाऱ्याची हिशेबी दृष्टी कामी येते. उदाहरणादाखल, ४०,००० रुपयांच्या दुरुस्तीने गाडी दोन वर्षे चालणार असेल, तर महिन्याला सुमारे १,६६७ रुपये पडतात. ९०,००० रुपयांचे इंजिन पाच वर्षे चालले, तर महिन्याला १,५०० रुपये. पण गाडीचा पत्रा आणि चेसी तीनच वर्षे टिकणार असतील, तर तोच आकडा २,५०० वर जातो. म्हणून इंजिनाआधी गाडीचे उरलेले आयुष्य पाहावे. मागील वर्षी टायरांवर आणि क्लचवर झालेला खर्च या हिशेबात धरू नये. तो परत येणारा नाही.

जुन्या बाजारातील इंजिन स्वस्त वाटते, परंतु त्याचा पूर्वेतिहास अज्ञात असतो. इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावर असल्याने बदलाची नोंद आरटीओकडे करावी लागते. विमा कंपनीला आणि गाडीवर कर्ज असल्यास बँकेलाही कळवावे. कागद नसलेले इंजिन कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

कोणताही मार्ग निवडला, तरी इंजिन तापले का, याचा शोध आधी लागला पाहिजे. रेडिएटर चोंदला, वॉटर पंप निकामी झाला, पंखा फिरेना किंवा थर्मोस्टॅट अडकला, यांपैकी मूळ दोष तसाच राहिला तर नवे इंजिनही त्याच घाटात तापेल. कूलंटऐवजी वर्षानुवर्षे विहिरीचे पाणी भरल्याने आत क्षार आणि गंज साचतो. थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याची कित्येक गॅरेजमधील सवयही घातक. इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, इंधन जास्त लागते आणि झीज वाढते.

शेवटची गोष्ट चालकाविषयी. काटा चढताच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे शिट्टी न झालेल्या, वाफेने भरलेल्या कुकरचे झाकण ओढण्यासारखे आहे, चेहरा भाजतो. गरम इंजिनावर थंड पाणीही ओतू नये. हे सारे चालकाला बहुधा ठाऊक असते, तरीही तो थांबत नाही, कारण त्याला मालकाच्या रागाची भीती वाटते. "काटा चढला की थांब. माल उशिरा पोहोचला तरी चालेल," एवढे त्याला आधीच सांगून ठेवले, तर पुष्कळदा दुरुस्ती की बदल, हा प्रश्न पेढीपर्यंत येतच नाही.