आपलें चलच्चित्र आपण घेतांना

हल्लीं घरोघरीं एक नवा उद्योग शिरला आहे. सून पाकक्रिया दाखविते, नातू गणितें सोडवितो, आजोबा स्तोत्रांचा अर्थ सांगतात, आणि हें सारें मोबाईलवर चित्रित होऊन घटकाभरांत जगभर जातें. कित्येक वडीलधाऱ्यांस हा निव्वळ थिल्लरपणा वाटतो. आम्हांस तसें वाटत नाहीं. जें चारचौघांपुढें मांडावयाचें तें नीटनेटकें असावें, एवढाच आमचा आग्रह आहे.

ही कला आपणांस परकी नाहीं. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) निर्माण करणाऱ्या दादासाहेब फाळके यांनीं १९१७ मध्यें 'चित्रपट कसे तयार करतात' या छोट्या पटांत स्वतःलाच काम करतांना दाखविलें होतें.

भरतमुनींनीं अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. आहार्य म्हणजे वेषभूषा व सजावट. आजचे तरुण बहुधा सारा वेळ व पैसा त्यावरच वेंचतात आणि उरलेल्या तिघांस विसरतात.

चेहरा व हातवारे दिसावयाचे तर प्रथम उजेड पाहावा. खिडकीकडे पाठ करून बसल्यास कॅमेरा मागील प्रकाशाशीं जुळवून घेतो व चेहरा काळवंडतो. म्हणून तोंड खिडकीकडे असावें. मोबाईल डोळ्यांच्या पातळीवर, तिवई नसल्यास पुस्तकांच्या चळतीला टेकवून, स्थिर ठेवावा. भिंग मऊ कापडानें पुसावें. बोलतांना पडद्यावरील स्वतःच्या प्रतिमेकडे न पाहतां भिंगाकडे पाहावें. तरच हा आपल्याशींच बोलत आहे असें प्रेक्षकास वाटतें.

वाचिकाची हेळसांड सर्वांत अधिक होते. चित्र थोडें अंधुक असलें तरी लोक पाहतात. शब्द ऐकूं येईनासा झाला कीं सोडून देतात. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं ध्वनीची तीव्रता चतुर्थांशावर येते. यास्तव मोबाईल शक्य तितका जवळ असावा. रिकाम्या खोलींत आवाज घुमतो. सतरंजी, गाद्या व पडदे यांनीं तो आवरतो. आमच्या रानशेतांत पावसाची सर पत्र्यावर कोसळूं लागली म्हणजे शेजारच्याचें बोलणेंही कळत नाहीं. तेव्हां उघडीप होईपर्यंत थांबावें, हेंच उत्तम.

राहिलें तें सात्त्विक. तें मात्र बाजारांत मिळत नाहीं. अहिल्यानगर जिल्ह्यांतील सारोळा कासार येथील सुमन धामणे यांनीं २०२० मध्यें नातवाच्या साह्यानें 'आपली आजी' या नांवानें यूट्यूबवर पाकक्रिया दाखविण्यास आरंभ केला, आणि त्या लाखों घरांत पोंचल्या. प्रारंभीं त्या कॅमेऱ्यापुढें बुजत. परंतु त्यांचें बोलणें घरांतल्या आजीचेंच राहिलें, आणि लोकांस तेंच भावलें.

एक सावधगिरी मात्र अवश्य घ्यावी. सुटलेला शब्द परत येत नाहीं, तसेंच सुटलेलें चित्रही. पाठीमागें बँकेचीं कागदपत्रें, लहान मुलें अथवा संमति न दिलेलें घरचें माणूस दिसत नाहीं ना, हें पाठविण्यापूर्वीं एकदां वडिलांसह पाहावें.

आणि तरुणांनो, हें यंत्र केवळ स्वतःकडेच वळवूं नका. घरांतील वृद्धांच्या ओव्या, त्यांच्या हातचे पदार्थ आणि त्यांची बोली त्यांच्याबरोबर लोपण्यापूर्वीं त्यांनाही खिडकीच्या उजेडांत बसवा. तें चित्र जगानें पाहिलें नाहीं तरी चालेल. पुढच्या पिढीला तें पाहावयास मिळालें पाहिजे.